आवळा देऊन कोहळा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यामुळे दवाखान्यात गर्दी होती. ओळखीचे एक गृहस्थ, वय साठीच्या आसपास, पत्नीला बरोबर घेऊन आले. मधुमेह आठ-नऊ वर्षांचा. गोळ्या चालू होत्या आणि साखर बऱ्यापैकी ताब्यात होती. या वेळी मात्र चेहरा उतरलेला, वजन घटलेले, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते अशी तक्रार. उपाशीपोटीची साखर तपासली, ती २८० निघाली.

"काका, गोळ्या वेळेवर घेता ना?" मी विचारले.

काका गप्प. उत्तर काकूंनी दिले. "कसल्या गोळ्या डॉक्टरसाहेब! दोन महिने झाले, बंदच केल्यात ह्यांनी. आवळ्याच्या रसाच्या बाटल्या आणल्यात. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा पेला घेतात."

"आवळाच तर आहे," काका म्हणाले. "त्यानं काय अपाय होतोय? विकणारा म्हणाला, साखर मुळापासून जाते."

यावर काकूंनी जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले. त्या म्हणाल्या, "आमच्या परसात आवळ्याचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं. खाली सडा पडतो, शेळ्या खातात. त्यातला एक उचलून ह्यांनी कधी तोंडात टाकला नाही. आणि बाटलीला मात्र पैसे मोजतात."

आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काकांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली. विकणाऱ्याने आवळा दिला आणि काकांचे पैसे, दोन महिने आणि तब्येत असा कोहळा काढून नेला. परसातला आवळा फुकट होता, म्हणून त्याला किंमत नव्हती.

आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे, की आवळा हे आधी फळ आहे. आपण त्याला औषध करून कपाटात ठेवले, मिठाई करून बरणीत भरले आणि ताटातून मात्र घालवून दिले. त्याची फळ म्हणून पुन्हा ओळख करून घेण्याची गरज आहे.

कोणती गूसबेरी?

ओळख करून घ्यायची तर आधी नावाचा घोळ निस्तरावा लागेल. काकांची मुलगी कॉलेजात शिकते. वडिलांना समजावण्यासाठी तिने मोबाईलवर इंग्रजीत शोधले. आवळ्याला इंग्रजीत गूसबेरी म्हणतात, म्हणून तिने गूसबेरीचा तक्ता काढला. त्यात शंभर ग्रॅमला क जीवनसत्त्व फक्त २७ ते २८ मिलिग्रॅम. मुलगी म्हणाली, "म्हणजे आवळ्यात काहीच नाही, संत्रं त्याच्यापेक्षा बरं." मुलीने तक्ता बरोबर वाचला होता, पण फळ चुकीचे होते.

खरी गूसबेरी हे थंड प्रदेशातले फळ. त्याचे काटेरी झुडूप असते आणि युरोपात ते घरोघरच्या बागांतून दिसते. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या एग्टन ब्रिज या गावी १८०० सालापासून सर्वांत वजनदार गूसबेरीची स्पर्धा भरत आली आहे, इतके तिथल्या लोकांना तिचे कौतुक. हेच लोक हिंदुस्थानात आले. इथे त्यांना हिरवट-पिवळसर, गोल, आंबट आणि अंगावर रेषा असलेले फळ दिसले. त्यांनी त्याला इंडियन गूसबेरी म्हणून टाकले. दोघांचे नाते नावापुरतेच, कूळ वेगळे आणि गुणही वेगळे.

महाबळेश्वर-पाचगणीला गेलेल्या वाचकांना आणखी एक गूसबेरी माहीत असेल. कागदासारख्या पातळ वेष्टनात बसलेले नारिंगी-पिवळे, आंबटगोड फळ. हिंदीत त्याला रसभरी म्हणतात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप ऑफ गुड होपच्या परिसरात त्याची लागवड झाली, म्हणून त्याचे नाव केप गूसबेरी. हे फळ टोमॅटो आणि वांग्याच्या कुळातले. चवीला छान, पण क जीवनसत्त्व आवळ्याच्या मानाने फारच थोडे.

तिसरा आपला रायआवळा. फिकट पिवळा, अंगावर ठसठशीत कंगोरे, फांदीला घोसाने लगडलेला. शाळेबाहेरच्या टोपलीत तिखटमीठ लावून मिळतो तो हाच. तो आवळ्याचा जवळचा भाऊबंद खरा, पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत थोरल्या भावाची बरोबरी त्याला करता येत नाही.

म्हणून तक्ता वाचताना, बाटलीवरचे लेबल वाचताना किंवा कोणी काही सांगत असताना आधी विचारावे, ही गूसबेरी कोणती? आपण बोलतो आहोत ते संस्कृतातल्या आमलकीबद्दल, आपल्या डोंगरातल्या आणि परसातल्या आवळ्याबद्दल.

झाड आणि फळ

आवळ्याचे झाड मध्यम उंचीचे. पाने बारीक, दुरून चिंचेसारखी वाटणारी. फुले इतकी लहान, की अनेकांनी वर्षानुवर्षे झाड पाहूनही फूल पाहिलेले नसते. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास झाड फुलते. फळ धरते, पण सारा उन्हाळा ते जणू झोपी गेलेले असते. पाऊस पडला की जागे होऊन वाढू लागते आणि कार्तिकापासून माघापर्यंत तयार होत राहते. कमी पाण्यात आणि हलक्या जमिनीतही हे झाड तग धरते. सह्याद्रीत, मेळघाटात, कोकणात ते रानात आपोआप वाढते.

फळावर सहा उभ्या रेषा दिसतात. आत एकच टणक आठळी असते आणि त्या आठळीत साधारण सहा बिया असतात. बाजारात दोन प्रकार मिळतात. डोंगरी आवळा लहान, जास्त तुरट. कलमी आवळा मोठा, गरदार आणि कमी दोऱ्यांचा. कृष्णा, कांचन, चकैया ही नावे बागायतदारांना परिचित आहेत.

चवीबद्दल काय सांगावे? आपल्या वैद्यकशास्त्राने सहा रस मानले, त्यांतला खारट सोडून बाकी पाचही आवळ्यात आहेत असे म्हटले. आंबट आणि तुरट आपल्याला लगेच कळतात. गोड कळतो तो नंतर, वर घोटभर पाणी प्यायल्यावर. शाळेच्या सुटीत आवळा खाऊन नळाकडे धावलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांना विचारतो, तर निम्म्यांना ही गंमत ठाऊक नसते. त्यांना आवळा कँडी ठाऊक असते.

त्यात आहे तरी काय?

आता आकड्यांकडे वळू. जुन्या भारतीय आहार-तक्त्यांत आवळ्याचे क जीवनसत्त्व शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम दिलेले असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली नवे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत ते सुमारे २५० आहे. जात, जमीन, पिकण्याची अवस्था आणि तपासण्याची पद्धत यांनी असा फरक पडतो. ६०० चा आकडा पाठ झालेल्यांनी निराश होऊ नये. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम धरली जाते. स्तनपान देणाऱ्या मातेची ११५. म्हणजे एक मोठा कलमी आवळा किंवा तीन-चार डोंगरी आवळे खाल्ले, की दिवसाची सोय झाली.

तुलनेसाठी सांगतो. संत्र्यात हे प्रमाण साधारण ४० ते ५० आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण आवर्जून सफरचंदे नेतो, त्यांत ते जेमतेम चार-पाच आहे. आपल्या साध्या पेरूत मात्र दोनशेच्या वर आहे. ज्यांना आवळा सोसत नाही त्यांनी खुशाल पेरू खावा, काही बिघडत नाही. आवळा उत्तम आहे, पण त्याच्यावाचून अडून राहील असे काही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या जीवनसत्त्वाचे काम काय? गाय, शेळी, कुत्रा हे प्राणी ते आपल्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, अन्नातूनच घ्यावे लागते. हिरड्या, त्वचा, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारा धागा त्याच्याशिवाय नीट विणला जात नाही. जखम भरायला ते लागते. ते फार दिवस मिळाले नाही तर हिरड्या सुजतात, रक्त येते, माणूस खंगतो. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. लांबच्या सफरीवर जाणारे युरोपचे खलाशी याच रोगाने मरत. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने संत्री आणि लिंबे देऊन असे खलाशी बरे करून दाखवले. आपल्याकडे १९३९-४० साली हिसार भागात दुष्काळ पडला, तेव्हा स्कर्व्ही झालेल्या लोकांना आवळ्याने गुण आला, याची नोंद आहे. तेव्हा हे फळ म्हणजे नुसती आजीबाईची समजूत नाही.

आज स्कर्व्ही क्वचित दिसते. आज आपल्या घरातला प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे रक्त कमी असणे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपले लोह येते ते मुख्यतः भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांतून, आणि हे वनस्पतींतले लोह शरीरात सहजी शिरत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट कमी शोषले जाते. म्हणजे बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि बाजूला किसलेला आवळा, आणि चहा तासा-दीड तासाने, एवढा बदल कोणत्याही घराला परवडण्यासारखा आहे. रक्त फारच कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण गोळ्या संपल्यावर पुढे जेवणच सांभाळणार आहे.

एक गैरसमजही दूर करतो. आवळा खाल्ला की सर्दी होतच नाही, असे म्हणतात. तसे नाही. क जीवनसत्त्व नियमित मिळत असेल तर सर्दीचे दिवस थोडे कमी होतात, एवढेच दिसून आले आहे. शिवाय शरीर याचा फार साठा करून ठेवत नाही. जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. म्हणून एका दिवशी वाटीभर खाऊन महिनाभर विसरण्यापेक्षा रोज एक बरा.

औषध आणि मिठाई

आयुर्वेदात आवळ्याचे स्थान मोठे आहे. त्रिफळ्यात हिरडा आणि बेहड्याबरोबर तो आहे. चरकसंहितेतल्या च्यवनप्राशाचा तर तो पायाच. त्याचे एक नाव धात्री, म्हणजे सांभाळणारी दाई. याबद्दल मला आदर आहे. परंतु वैद्य जेव्हा ही कल्पे देतो तेव्हा नाडी, वय, पचन पाहून देतो, मात्रा ठरवून देतो. फेरीवाल्याकडून किंवा जाहिरात पाहून आणलेल्या बाटलीला हा मान आपोआप मिळत नाही. आवळ्याने रक्तातली साखर आणि चरबी थोडी कमी होते का, यावर काही छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांतून आशा वाटावी असे काही दिसलेही आहे. पण त्यांच्या जोरावर चालू गोळ्या बंद कराव्यात, असे कोणताही जबाबदार डॉक्टर किंवा वैद्य सांगणार नाही. मधुमेह मुळापासून घालवतो असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे.

दुसरे टोक मिठाईचे. मोरावळ्याला मी नावे ठेवतो आहे असे समजू नका. आमच्या आजीचा मोरावळा मी विसरलेलो नाही. केशर-वेलदोड्याचा वास, चिनी मातीची बरणी, तिच्यावर फडक्याचा दादरा. पण ती बरणी आजीच्या ताब्यात असे आणि सकाळी एक फोड हातावर मिळे. मागितली तरी दुसरी मिळत नसे. साखर तेव्हा रेशनवर मोजून यायची. आज किलोभर आवळ्याला किलो-सव्वा किलो साखर घालून केलेला मोरावळा आपण 'पौष्टिक' म्हणून वाटीने खातो. मुलांना कँडीची पुडी देतो आणि समाधान मानतो, की चॉकलेट तर दिले नाही. ती कँडी साखरेच्या पाकात मुरवूनच केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. त्यात चहाची साखरही आली. मग मोरावळ्याला किती जागा उरली, हिशोब ज्याचा त्याने करावा. त्यातून मोरावळा शिजतो आणि शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, तो तोटा वेगळाच.

खावा कसा?

नुसता चावून खाणे सर्वांत उत्तम. तुरट लागतो अशांसाठी काही साधे प्रकार सांगतो. आवळा किसून त्यात मीठ, चिमूटभर जिरेपूड आणि दही घालून कोशिंबीर करावी. ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची यांबरोबर वाटून चटणी करावी, ती भाकरीबरोबर फार छान लागते. वरणात लिंबाऐवजी ताटात वाढल्यावर किसलेला आवळा घालावा. हळद-मिठाच्या पाण्यात आवळे बुडवून ठेवले तर काही आठवडे टिकतात आणि तुरटपणाही उतरतो. मीठ थोडके घालावे. रक्तदाब असणाऱ्यांनी ते आवळे खाण्यापूर्वी धुऊन घ्यावेत.

हंगाम संपल्यावर काय? मीठ आणि आले लावून वाळवलेली आवळा सुपारी घरी करावी. उन्हात वाळवताना जीवनसत्त्व बरेच कमी होते हे खरे, पण जेवणानंतर तंबाखूची पुडी उघडण्यापेक्षा ही सुपारी हजारपट चांगली. या एका बदलासाठीसुद्धा ती प्रत्येक घरात असावी. आवळा तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र ठेवू नये. लोखंडी कढईत तो काळा पडतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

सांभाळून कोणी राहावे, तेही सांगतो. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी उपाशीपोटी खाऊ नये, जेवणात खावा. मुतखडा वारंवार होतो किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी रसाचे पेले रिचवू नयेत, क जीवनसत्त्वाचा अतिरेक त्यांना बाधू शकतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. आंबट खाल्ल्यावर चूळ भरावी, दातांसाठी बरे. बाकी कोणालाही रोज एक-दोन आवळ्यांनी अपाय होण्याचे कारण नाही.

वाण आवळ्याचे

शेवटी एक सूचना. आपल्या पूर्वजांनी हे फळ सणाला बांधून ठेवले होते. तुळशीच्या लग्नात ऊस, बोरे, चिंच यांबरोबर आवळा असतो. कार्तिकात आवळीखाली बसून जेवायची प्रथा होती, आवळीभोजन. आज तुळशीपुढे ठेवलेला आवळा दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जातो. तो घरातल्यांनी वाटून खाल्ला तर देवाला राग येणार नाही.

संक्रांतीचे हळदीकुंकू ऐन आवळ्याच्या हंगामात येते. घरोघर प्लॅस्टिकच्या वाट्या आणि डबे वाण म्हणून लुटले जातात आणि माळ्यावर पडतात. एखाद्या वर्षी पाच-पाच आवळ्यांचे वाण द्यावे. खर्च कमी, आणि ज्या बायकांच्या रक्ताची आपण वर काळजी केली त्यांच्याच ओटीत ते पडेल. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी पावसाळ्यात झाडे लावताना शोभेच्या रोपांबरोबर दोन कलमी आवळेही लावावेत. चार-पाच वर्षांत ते फळू लागतात. पहिलीत आलेले पोर पाचवीत जाईपर्यंत स्वतःच्या शाळेतला आवळा खाईल.

काकांची हकीकत अर्धी राहिली. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, चालणे सुरू झाले, तीन महिन्यांनी साखर ताब्यात आली. त्या दिवशी काकूंनी टेबलावर एक पिशवी ठेवली. "परसातले आहेत. आता शेळ्यांना मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. काका रोज दुपारी जेवताना एक खातात. आणि गोळीही घेतात.

वाचकहो, आपल्या परसात झाड नसेल, पण बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसलेली एखादी मावशी नक्की असेल. तिच्याकडून पावशेर आवळे घ्या. तिने कोणाचा कोहळा काढल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.